थोरल्यांचं घर हेच

"…आणि या खांबाला," असं म्हणत तोंडपाठने सवयीने उजवा हात वर केला, तेवढ्यात पुढच्या खोलीतल्या खिडकीची काच फुटली आणि अर्ध्या विटेएवढा दगड थेट पाळण्यात येऊन पडला.

पाळणा कुरकुरत हलला. 'हात लावू नये' अशी पाटी असल्यामुळे चौदा वर्षांत त्याला कुणी हलवलं नव्हतं. घर पाहायला आलेल्या दोघी बायका, एकाच शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, पाळण्याकडे बघत राहिल्या. त्यांतली उंच होती ती म्हणाली, "हे दाखवण्यातलंच आहे का?"

"नाही बाई," तोंडपाठ म्हणाला. "हे आत्ताच सुरू झालंय."

दुसरा दगड भिंतीवरच्या थोरल्यांच्या फोटोला लागला. काच खाली आली, फोटो जागेवर राहिला. गल्लीच्या तोंडाशी आरडाओरडा ऐकू येत होता, आणि तो वाढत होता.

थोरले म्हणजे मोठे लेखक. त्यांना जाऊनच तीस वर्षं झाली. त्यांचं बालपण या घरात गेलं असं दारावरची संगमरवरी पाटी सांगायची, आणि पाटीला जे सांगता येत नाही ते तोंडपाठ सांगायचा. घर झाडणारा तो, राखणारा तो आणि दाखवणाराही तोच. समितीने लिहून दिलेली बारा पानं त्याला अशी मुखोद्गत होती, की गल्लीने त्याचं खरं नाव केव्हाच मोडीत काढलं होतं. लोक म्हणायचे, याला झोपेत टाचणी टोचली तर हा 'आई गं' म्हणणार नाही, 'इथे थोरल्यांचा जन्म झाला' म्हणेल.

गेल्या आठवड्यात थोरल्यांच्या एका जुन्या वहीतली चार वाक्यं कुणीतरी छापली होती. एका मोठ्या माणसाबद्दल त्यांत वेडंवाकडं लिहिलंय म्हणे. 'म्हणे' एवढ्यासाठी, की ज्यांची डोकी भडकली त्यांनी ती वाचली नव्हती, आणि ज्यांनी वाचली त्यांची डोकी भडकली नव्हती. मेलेल्या माणसाला मारता येत नाही. त्याचं घर मात्र उभं असतं.

तोंडपाठने बायकांना मागच्या दाराकडे वळवलं. घाई होती, तरी जिभेचं वळण सुटेना. "हे स्वयंपाकघर, इथे त्यांच्या आईंचा… जपून बाई, पायरी खाली आहे… आईंचा सारा जन्म गेला. चला, चला." मागची बोळ रिकामी होती. दोघींना त्याने हाताला धरून उतरवलं. त्याचा स्वतःचा एक पाय बोळात आणि एक घरात होता. दुसरा पाय उचलला असता की तो सुटला असता. समितीनेही कधी म्हटलं नव्हतं की घरासाठी जीव दे.

तेवढ्यात पुढच्या गल्लीतून इस्त्रीवाल्याचा आवाज आला. कोपऱ्यावर कपड्यांना इस्त्री करणारा तो माणूस मनाने वाईट नव्हता, पण गर्दी दिसली की चार शब्द टाकल्याशिवाय त्याला राहवायचं नाही.

"अहो, पाटीवर काय जाता? माझी आजी सांगायची, खरं घर ते नाहीच. थोरले राहायचे ते समोरच्या घरात."

तोंडपाठचा उचललेला पाय खाली आला, तो घरातच.

कारण इस्त्रीवाल्याची आजी खरं सांगत होती.

समोरासमोरची ही दोन घरं एकाच गवंड्याने एकाच वर्षी बांधलेली, आरशात बघावं तशी. पुढे नगरपालिकेने गल्लीचे नंबर बदलले, डाव्याचे उजवे झाले, आणि समितीने जुन्या कागदावरचा नंबर धरून नवं दार गाठलं. पाटी लागली, पाळणा आणला. थोरल्यांनी आठवणींत लिहिलंय, की बाप त्यांना मधल्या खोलीतल्या खांबाला बांधून मारायचा, तीन वेढे द्यायचा, आणि दोरी ओढून ओढून लाकडात वळ पडले होते. घरातल्या खांबाला वळ नव्हते. तेव्हा समितीच्या सचिवांनी सुतार बोलावला. "लोक लांबून येतात हो," सचिव म्हणाले, "त्यांना हात लावून बघायला काहीतरी नको का?" सुताराने कानशीने तीन वळ पाडले आणि वरून दोरी घासून ते जुने केले. दोरीचं दुसरं टोक धरून बसला होता तो तोंडपाठच.

खरं कळलं ते मात्र दोन वर्षांपूर्वी. समोरच्या घरात, म्हणजे तोंडपाठच्या सासऱ्यांच्या भाड्याच्या घरात, रंग काढायचा होता. सासऱ्यांना कमरेखाली वारं गेलेलं, म्हणून लेक-जावई तिथेच राहायला आले होते. मधल्या खोलीतला खांब खरवडताना तोंडपाठच्या पत्र्याखाली खळगा लागला. मग दुसरा, तिसरा. सात-आठ वर्षांच्या पोराच्या छातीएवढ्या उंचीवर, आणि सुताराच्या वळांसारखे सरळ नाहीत. एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उथळ, जसं कुणी एकाच अंगाने जीव खाऊन ओढलं असावं.

त्याने बायकोला हाक मारली.

बायकोने बघितलं, बोट फिरवलं आणि म्हणाली, "रंग कधी लावताय?"

"अगं, पण हे खरं घर आहे."

"असेल. सचिवांना सांगाल तर घरमालक उद्या घर समितीला देऊन मोकळा होईल. बाबांना उचलून कुठे न्यायचं, ते तुमच्या बारा पानांत कुठे लिहिलंय का? लिहिलं असलं तर म्हणून दाखवा."

लिहिलं नव्हतं. त्याने रंग लावला.

तेव्हापासून रोज दिवसातून आठ-दहा वेळा तो खोटं बोलायचा आणि झोपायच्या आधी हात जोडून म्हणायचा, देवा, आजचंही पोटात घे. एकदा तरी खरं बोलायची संधी दे. माणूस मागतो आणि देव देतो, पण देण्याची त्याची वेळ बघावी. आज संधी दारात उभी होती. 'हो, इस्त्रीवाला म्हणतो ते खरं आहे,' एवढंच म्हणायचं. दोन वर्षांचं ओझं उतरलं असतं, पाटीचं घरही वाचलं असतं आणि हातपायही शाबूत राहिले असते.

तो धावत पुढच्या खोलीत आला. फुटक्या खिडकीतून बघितलं तर साठ-सत्तर माणसं, हातात गज, लाकडं. त्यांतले चौघेजण समोरच्या दाराशी पोचलेही होते आणि एकाच्या हातात रॉकेलचा डबा होता. त्यांच्या डोक्यावरच्या खिडकीत बायको उभी होती. तिने आतून कडी घातली असणार. पण सासऱ्यांना खाटेवरून उठवून मागच्या दाराने नेणं एकटीच्या हातचं नव्हतं, आणि त्यांना टाकून ती जाणारी नव्हती.

तोंडपाठने पुढचं दार सताड उघडलं.

"कोण म्हणतं समोरचं?" तो ओरडला. "थोरल्यांचं घर हेच. चौदा वर्षं मी दाखवतोय. या, या, आत या, सगळं दाखवतो."

गर्दी वळली. डबेवालेही वळले, पण दारापासून हटले नाहीत.

पुढे काळा गॉगल लावलेला एक दांडगा माणूस होता. बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघून हलत होते. तो पायऱ्या चढला आणि काही न विचारता त्याने तोंडपाठच्या मुस्काटात लगावली. एवढी, की तोंडपाठ पाटीवर आदळला.

"तू कोण?"

"मी घर दाखवणारा."

"मग दाखव. खोटं निघालं तर आधी तुला पेटवू, मग समोरचं."

तोंडपाठने तोंडातलं रक्त गिळलं आणि सुरुवात केली. पाहुण्यांच्या पुढे दोन पावलं चालायचं, वळून बोलायचं, ही त्याची रीत. आजही तो तसाच चालला. "ही ओसरी. इथे थोरल्यांचे वडील बसायचे. त्यांचा धाक असा, की गल्लीतली कुत्रीसुद्धा लांबून जायची." ओसरीवरची आरामखुर्ची दोघांनी उचलली आणि भिंतीवर आपटली. तिचा एक पाय उडून तोंडपाठच्या कपाळाला लागला. "ही जन्माची खोली. हा पाळणा." पाळण्यावर गज पडले. "हे त्यांचं पहिलं दप्तर." दप्तर फाटलं. तो जे दाखवी ते फुटे, म्हणून तो आणखी दाखवी. एरवी अर्ध्या तासात संपणारं घर आज त्याला संपू द्यायचं नव्हतं. एक फुलदाणी समितीच्या कुठल्याशा बाईंनी गेल्याच वर्षी आणून ठेवली होती. तीही त्याने थोरल्यांच्या आजीची म्हणून दाखवली. तिचेही तुकडे झाले.

"थांब," गॉगलवाला म्हणाला. "शाळेत आम्हाला धडा होता याचा. बाप खांबाला बांधून मारायचा. तो खांब कुठाय?"

"इकडे."

मधल्या खोलीत सगळे दाटीने शिरले. मागून कुणीतरी तोंडपाठच्या पाठीत काठी घातली. तो खांबापाशी गुडघ्यावर पडला आणि पडल्या जागेवरूनच त्याने बोट दाखवलं. "हे बघा वळ. हात लावून बघा. तीन वेढे, तीन वळ. समोरच्या घरात जाऊन शोधा, असे सापडतात का."

जाऊन शोधलं असतं तर? पण हाताला लागलेलं सोडून कोण शोधायला जातं. गॉगलवाल्याने वळांवरून अंगठा फिरवला. सुताराचं काम चोख होतं.

"इस्त्रीवाल्याला आणा."

इस्त्रीवाल्याला बखोट धरून आणलं. रस्त्यात बोललेला शब्द आत येऊन असा उभा राहील असं त्याला वाटलं नव्हतं.

"काय रे? कुठलं घर?"

इस्त्रीवाल्याने तोंडपाठकडे बघितलं. तोंडपाठच्या एका डोळ्यात रक्त उतरलं होतं, दुसरा त्याच्यावर रोखलेला होता.

"याची आजी," तोंडपाठ म्हणाला, "शेवटी शेवटी स्वतःच्या लेकालाही ओळखत नव्हती. विचारा त्याला."

"हो," इस्त्रीवाला पुटपुटला. "तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी आपलं ऐकलेलं बोललो."

गर्दीत कुणीतरी हसलं. गॉगलवाला मात्र हसला नाही. "बांधा याला," तो म्हणाला. "धडा नीट बघू दे सगळ्यांना."

खांबाशेजारी काचेच्या पेटीत दोरी होतीच, समितीने ठेवलेली. पेटी फोडून ती काढली. तोंडपाठला खांबाशी उभं करून तीन वेढे दिले आणि वेढे बरोबर सुताराच्या वळांत बसवण्यासाठी त्याला गुडघ्यांत वाकवलं. कुणीतरी पहिल्यापासून फोन वर धरून चित्रण करत होतं.

"म्हण. धडा म्हण."

"बाप दोरी आवळायचा," तोंडपाठने सुरू केलं, "आणि विचारायचा…"

पहिला गज मांडीवर बसला.

"…विचारायचा, पुन्हा लिहिशील?"

दुसरा खांद्यावर. आतून काहीतरी कडकन मोडल्याचं त्याला दुखण्याआधी ऐकू आलं.

ही वाक्यं त्याने किती वेळा म्हटली असतील? हजारो वेळा. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं बसलेलं होतं. आज पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आलं, की या वाक्यांत एक पोर आहे. आठ वर्षांचं, बांधलेलं, आणि त्याला गज कुठून येणार हे दिसत नाही. चौदा वर्षं आपण हे पोर लोकांना दाखवलं, आपण स्वतः कधी त्याच्याजवळ उभे राहिलो नाही. त्याला त्या पोराची माया आली.

"पुढे?"

"पोर म्हणायचं, लिहीन."

तिसरा गज जबड्यावर आला. दात जिभेवर सांडले. नंतर कोण मारतंय, किती मारतंय याचा हिशेब राहिला नाही. लाथा होत्या, काठ्या होत्या. एक तरुण माणूस तर मारता मारता रडत होता, का ते देव जाणे. तोंडपाठचं डोकं एका बाजूला कललं होतं. तिथून दोन दारं ओलांडून समोरचा रस्ता दिसत होता. समोरच्या दारापाशी डबेवाले अजून उभे होते.

"काय करायचं, दादा?" त्यांतल्या एकाने तिकडूनच विचारलं.

गॉगलवाल्याने गज टाकला, रुमालाने हात पुसले. "इकडे आणा डबा. हेच आहे."

डबा रस्ता ओलांडून आला. तोंडपाठने तो येताना पाहिला आणि डोळे मिटले. पुढचं मारणं त्याला फारसं लागलं नाही.

पाळण्याच्या लाकडांवर रॉकेल ओतलं, काडी लावली, तशी गर्दी आपापल्या वाटेने पांगली. आग लावणारा आगीजवळ थांबत नाही. खांबाला बांधलेला माणूस तसाच राहिला. बांधलाय कोणी आणि सोडायचं कोणी, हे ज्याने त्याने दुसऱ्यावर सोडलं असावं. धुरातून परत आला तो इस्त्रीवाला. त्याने दाताने गाठ सोडवली, दोरीने त्याचेही ओठ कापले. तोंडपाठला त्याने पाठीवर घेतलं आणि रस्त्यापर्यंत आणलं. बायको दार उघडून धावत आली होती.

"काका," इस्त्रीवाला खोकत म्हणाला, "मला वाटलं, नुसत्या काचा फोडतील. मी खोटं बोललो नव्हतो हो. आजी खरंच…"

तोंडपाठने मोडक्या जबड्याने तीन शब्द जुळवले. ते बायकोलाही नीट कळले नाहीत, पण इस्त्रीवाल्याला कळले.

"घर हेच होतं."

इस्त्रीवाल्याने मान हलवली. पुन्हा त्याने तो विषय कुणाजवळ काढला नाही.

दवाखान्यात जबडा तारेने बांधला. खांद्याला पट्टा, दोन बरगड्या, डावा डोळा अंधुक. नवव्या दिवशी घरी पाठवलं. बायको बोरूएवढ्या नळीने त्याला दूध द्यायची आणि द्यायच्या आधी बजावायची, "गिळा. आता इथे तुमची बारा पानं ऐकायला कुणी आलेलं नाही." एवढं बोलून ती तोंड फिरवायची आणि बराच वेळ फिरवलेलंच ठेवायची. एकदा नळी धरून ती म्हणाली, "मी वरून सगळं बघत होते. तुम्ही त्यांना 'या, या' म्हणालात. मला वाटलं, यांचं डोकं फिरलं. मग कळलं." त्याने तिच्या मनगटावर बोटं ठेवली, ती तिने राहू दिली.

'या, या' हे दुसऱ्यांनीही ऐकलं होतं. फोनवर घेतलेलं ते चित्रण घरोघर पोचलं. त्यात दार सताड उघडून गर्दीला आत बोलावणारा तोंडपाठ होता, पुढे दोन पावलं चालत एकेक वस्तू बोटाने दाखवणारा तोंडपाठ होता. मारहाणीचा भाग त्यातून कापलेला होता. ज्याने ते पसरवलं, त्याला आपला गज दिसायला नको होता.

दहाव्या दिवशी समितीचे सचिव आले. सत्तरी गाठलेले, थोरल्यांची सगळी पुस्तकं दोनदा वाचलेले सज्जन गृहस्थ. पाटीच्या घरात शिरताना ते उंबऱ्याबाहेर बूट काढायचे, मग कितीही घाई असो. आज ते बुटांसकट आत आले आणि मधल्या खोलीत, सासऱ्यांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. रात्रभर झोपले नसावेत.

"मला तुम्हाला बोल लावायचा नाही," ते म्हणाले. "मार भीषण झालाय, दिसतंय मला. पण सभेत सगळ्यांनी एकच विचारलं. मागचं दार होतं. त्या दोन बायका सुखरूप गेल्या. मग तुम्ही गेला का नाहीत? आणि थांबलात तर दार का उघडलंत? दप्तर कुठाय, पाळणा कुठाय, त्यांना काय ठाऊक होतं? तुम्ही दाखवलंत."

तोंडपाठने मान डोलावली. दाखवलं होतं.

"काहीतरी कारण असेल ना? लिहून तरी द्या." त्यांनी खिशातून कागद आणि पेन काढून पुढे केलं.

बायको दारात उभी होती. "साहेब," ती म्हणाली, "तुम्हाला कारण हवंय का? मी सांगते. तुम्ही आत्ता जिथे…"

तोंडपाठने तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. खाटेवर तिचे वडील छताकडे डोळे लावून पडले होते, त्यांना या बोलण्यातलं काही कळत नव्हतं. ती थांबली, पदराने ओठ दाबले आणि आत निघून गेली.

तोंडपाठने कागद मांडीवर घेतला. डाव्या हाताने, पोराच्या अक्षरात, त्याने लिहिलं: 'चूक झाली.' खाली सही केली आणि कागद परत दिला.

सचिवांनी तो वाचला, घडी घातली. "तुमची जागा आता ठेवता येणार नाही," ते म्हणाले. "तसंही, जागाच कुठे राहिलीय. चौदा वर्षं रोज वाटायचं, निदान एक जागा आहे. त्यांचा श्वास जिथे फिरला, ते पोर जिथे रडलं, अशी एक खोली आपल्या हातात आहे. आता जगात ती कुठेही नाही." आणि ते म्हातारे गृहस्थ त्या खोलीत बसून, तोंडावर हात घेऊन, लहान मुलासारखे रडले.

तोंडपाठ भिंतीला धरून उठला. माठातलं पाणी त्याने पेल्यात घेतलं. चांगल्या हाताने पेला सचिवांच्या पुढे धरला आणि ते पिऊन होईपर्यंत तसाच उभा राहिला.

निघताना सचिव दारात थबकले. समोर चार काळ्या भिंती होत्या, छप्पर नव्हतं. त्यांनी बूट काढले, या घराकडे पाठ केली आणि राखेकडे तोंड करून हात जोडले. ते बराच वेळ हात जोडून होते. तोंडपाठ त्यांच्या मागे दार उघडं धरून उभा होता, वाऱ्याने आपटू नये म्हणून. मग आतून बायकोने हाक मारली. बाबांची कूस बदलायची होती, आणि ते एकटीचं काम नव्हतं.